आवडली नाही म्हणणाऱ्याचं आधी ऐकावं

सोलापुरात व्हिस्कीवर गप्पा निघाल्या की त्या स्कॉटलंडच्या चार नावांभोवती फिरतात. ती नावं इतकी मोठी आहेत की माणूस घोट घेण्याआधीच मान डोलावतो. आमच्या बैठकीत मात्र गेल्या काही वर्षांत तैवान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, आइसलंड इथल्या आणि आपल्याच बेंगळुरू-गोव्याकडच्या बाटल्या येऊ लागल्या, आणि मान डोलावणं थांबलं. ज्या बाटलीचं नावच कुणी ऐकलेलं नाही, तिच्यापुढे प्रत्येकाला आपल्या जिभेवरच भिस्त ठेवावी लागते. आणि जिभा काही एकसारख्या नसतात. बैठकीत नान्नजचा एक द्राक्ष बागायतदार आहे, पूर्व भागातला एक यंत्रमागवाला आहे, एक डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हां सगळ्यांच्या वहिनी, आणि बँकेतून निवृत्त झालेले काका. या मंडळींसोबत बसून जे कळत गेलं ते इथे लिहितो आहे.

१. बाटली झाकावी आणि बोलण्याआधी लिहावं.

पहिला घोट घेऊन जो मोठ्याने बोलतो, त्याचंच मत पुढे सगळ्यांचं होतं. आमच्याकडे हा मान काकांचा. ते "वा!" म्हणाले की खोलीतल्या सगळ्यांना ती व्हिस्की गोड लागायची. म्हणून आता बाटलीला कागद गुंडाळतो, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देतो, आणि चिठ्ठ्या भरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. पहिल्या वेळी चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा एकाच ग्लासाबद्दल "सुकं खोबरं", "रंगाचा डबा", "पिकलेलं केळ" आणि "काही विशेष नाही" अशी उत्तरं निघाली. खोबरं म्हणणाऱ्या वहिनी होत्या. अमेरिकन ओकच्या लाकडात खोबऱ्याच्या वासाचे घटक असतातच, त्यामुळे त्यांनी नेमकं लाकूडच ओळखलं होतं.

झाकून चाखण्याचा दबदबा जगालाही ठाऊक आहे. जानेवारी २०१० मध्ये स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळच्या लीथला, बर्न्स नाइटच्या निमित्ताने अशीच झाकलेली चाचणी झाली. स्कॉच व्हिस्कींसमोर तैवानची कावालान ठेवली होती आणि जाणकारांनी तिलाच पहिलं ठरवलं. यिलान परगण्यातली ही भट्टी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. नाव दिसलं असतं तर तिला तो मान मिळाला असता, असं मला वाटत नाही.

२. ज्याला आवडली नाही, त्याला आधी बोलू द्यावं.

हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एकदा शेरी पिंपात मुरवलेली एक परदेशी व्हिस्की आली होती. रंग गडद, वास मनुका-खजुराचा. सगळे खूश. बागायतदार मित्राने मात्र ग्लास नाकाशी नेला आणि लगेच बाजूला ठेवला. "गंधक आहे ओ यात," एवढंच म्हणाला. आम्ही पुन्हा पुन्हा हुंगलं, आम्हांला काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, "तुला भास होतोय." तो म्हणाला, "डॉक्टर, दर वर्षी शेडमध्ये मी हाच वास घेतो. मला भास कसा होईल?"

बेदाणा कसा करतात हे द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, शेडमध्ये जाळीच्या कप्प्यांवर पसरायचे, पंधरवड्यात माल वाळतो. मग रंग हिरवट-पिवळा राहावा म्हणून बंद जागेत गंधकाची धुरी द्यायची. ती धुरी ज्याने वर्षानुवर्षं छातीत घेतली, त्याचं नाक गंधकाला चुकत नाही. आता इकडे शेरीच्या पिंपाचं बघा. रिकामं पिंप लांब पाठवायचं तर आत बुरशी धरू नये, आंबू नये म्हणून त्यात गंधकाची कांडी जाळण्याची जुनी पद्धत आहे. त्याचा अंश कधीकधी लाकडात राहतो आणि व्हिस्कीत उतरतो. जगभरचे चाखणारे यावर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत, कारण काही नाकांना तो लगेच जाणवतो आणि काहींना जन्मात जाणवत नाही.

म्हणजे आमच्यापैकी एकट्यालाच जे खरोखर त्या ग्लासात होतं ते दिसलं होतं, आणि आम्ही त्यालाच वेड्यात काढत होतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: चिठ्ठ्यांमधली सगळ्यांत वाईट चिठ्ठी पहिली वाचायची. "छान आहे" या उत्तरातून पुढे काही हाती लागत नाही. "मला हे नको" म्हणणाऱ्याला "का?" विचारलं की त्याचं शेत, त्याचं घर, त्याचा धंदा बोलू लागतो.

यंत्रमागवाल्या मित्राचंही असंच आहे. तरुण व्हिस्की दिली की तो म्हणतो, "खळीचा वास येतोय." सुताला लावायच्या पिठाच्या खळीत त्याचं बालपण गेलं. पिंपात कमी राहिलेल्या व्हिस्कीत शिजलेल्या धान्याचा वास उरतोच, त्यामुळे वय ओळखण्यात त्याच्याइतका पक्का आमच्यात कुणी नाही. त्याला तो वास आवडत नाही. मला आवडतो, कारण मला त्यात धान्य दिसतं. दोघांनाही तोच वास येतो, पण त्याला त्यात कारखाना आठवतो आणि मला चूल.

३. धूर म्हणजे एकच धूर नव्हे.

"धुराची व्हिस्की मला चालत नाही," असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो की कशाचा धूर? स्कॉटलंडच्या आयला बेटावर मोड आलेलं बार्ली पीटवर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. त्याच्या धुरातून फिनॉल येतं आणि आपल्याकडच्या माणसाला पहिला घोट घेताच दवाखाना आठवतो. डॉक्टरांना ते आवडतं, वहिनींना मुळीच नाही. "घरी आल्यावर तरी दवाखाना नको," असं त्यांचं म्हणणं.

पण स्वीडनच्या मॅकमिराने जुनिपरच्या लाकडावर धूर दिलेली व्हिस्की काढली. टेक्सासमधल्या बालकोनेसची ब्रिमस्टोन मक्याची आहे आणि तिला तिथल्या खुरट्या ओकच्या लाकडाचा धूर दिलेला असतो, तोही ऊर्ध्वपातनानंतर. आणि आइसलंडमधली फ्लोकी! त्या देशात झाडं कमी, सरपण कमी, म्हणून मांस धुरावायला मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या-शेणाचा जाळ करायची तिथे जुनी रीत. आइमव्हर्क भट्टीने तीच रीत बार्लीला लावली.

डॉक्टरांची मुलगी आइसलंडच्या सहलीहून ती बाटली घेऊन आली. कागद गुंडाळून दिली. वहिनींनी, पीट न चालणाऱ्या वहिनींनी, ग्लास दोनदा हुंगला आणि चिठ्ठीवर लिहिलं: "आगटी."

ज्याने सोलापूर जिल्ह्यात जानेवारीत हुरडा खाल्ला आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. शेताच्या कडेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर गूळभेंडीची कोवळी कणसं. राखेतून काढलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि शेंगाचटणीबरोबर गरमगरम दाणे तोंडात टाकायचे. त्या दाण्याला गोवरीच्या धुराचा जो सूक्ष्म वास असतो, तो आइसलंडच्या ग्लासात होता. बागायतदाराला तो पटला. काकांना शेणाचं कळल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला. मी काकांना आग्रह केला नाही; कशाचा धूर आहे हे कळल्यावर ज्याचं मन उठलं, त्याचं तेही मतच आहे.

४. "किती वर्षांची?" हा प्रश्न शेवटी विचारावा.

आपल्याकडे वयाला फार मान. बारा वर्षांची, अठरा वर्षांची म्हटलं की हात जोडले जातात. पण वय हे हवामानाशी बांधलेलं असतं. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातला साधारण दोन टक्के माल वर्षाला हवेत उडून जातो. बेंगळुरूत अमृतच्या गोदामात हेच प्रमाण दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातं. गोदाम जितकं उबदार तितकं लाकूड मद्यात लवकर उतरतं. तिथे चार-पाच वर्षांत जे होतं त्याला थंड देशात कितीतरी जास्त काळ लागतो, आणि इथे अठरा वर्षं ठेवली तर पिंपात उरेल काय?

अमृतची गोष्ट सोलापूरकराला सांगताना मला वेगळाच हुरूप येतो. १९४८ मध्ये बेंगळुरूत राधाकृष्ण जगदाळे यांनी ही कंपनी काढली, जगदाळे आडनाव ऐकलं की आपल्याकडे कुणीही विचारतो, "कुठले?" त्यांची सिंगल माल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली ती ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. भारतात ती काही वर्षांनी मिळू लागली. २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरी यांनी अमृत फ्युजनला जगात तिसरं स्थान दिलं. फ्युजनमध्ये बहुतांश आपलं भारतीय बार्ली आणि काही भाग स्कॉटलंडचं पीटवर वाळवलेलं. पन्नास टक्के मद्यार्क. बाटलीवर वय नाही. यंत्रमागवाल्याला खळीचा वास तिच्यात आला नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

५. आपलं धान्य आहे म्हणून आपली चव असेलच, असं नाही.

भाचा तैवानला नोकरीला असतो. येताना कावालानबरोबर त्याने किनमेन बेटावरची काओलियांग आणली. "मामा, ही ज्वारीची आहे. तुम्हांला आवडणारच!" मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मोहोळची मालदांडी घराघरांत आहे, तेव्हा आम्ही सगळे मोठ्या अपेक्षेने बसलो. ही व्हिस्की नव्हे, ओकच्या पिंपात ती जात नाही. चीनमधली माओताई याच घराण्यातली, लाल ज्वारीची. किनमेनची अठ्ठावन्न टक्क्यांची. पहिल्या वासालाच अति पिकलेला अननस आणि त्यामागे काहीतरी आंबलेलं. भाकरीचा मागमूस नाही.

आमची मालदांडी टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची, भाकरीसाठी जपलेली. तिकडची ज्वारी मद्यासाठी निवडलेली, आणि तिला आंबवायची पद्धतही वेगळी, म्हणून वास वेगळा. बहुतेकांनी ग्लास अर्धा ठेवला. काकांनी मात्र पुन्हा मागितली. बँकेत असताना ते काही वर्षं कोकणात होते, काजूच्या बोंडांचा हंगाम त्यांनी पाहिला होता, आणि तो आंबूस फळाचा दर्प त्यांना जिवाभावाचा वाटतो. ज्वारीची ओढ असलेल्या आम्हांला ती परकी लागली आणि त्यांना ती कोकणातली वाटली.

६. पाणी घालावं, पण कोणतं ते बघून.

थोडं पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते असं मानणारे आणि पाण्याशिवाय न पिणारे, असे दोन पक्ष सगळीकडे असतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचं गणित करून दाखवलं की मद्यार्क उतरवला की ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक मुख्य रेणू, द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. म्हणून थेंबभर पाण्याने वास उघडतो. पण ज्याला तो वास नकोसा आहे, त्याला पाण्याने त्रासच जास्त होणार. वहिनी पीटच्या व्हिस्कीत पाणी घालू देत नाहीत, ते याचमुळे योग्य आहे.

राहिलं सोलापूरचं पाणी. उजनी धरणाचं नळाला येतं तेव्हा भरून ठेवायचं आणि मधल्या दिवसांत बोअर. बोअरच्या पाण्यात इतके क्षार की भांड्यावर पांढरा थर बसतो. ते पाणी चांगल्या व्हिस्कीत घातलं तर जिभेला आधी क्षारच लागतो आणि मग माणूस बिचाऱ्या भट्टीला नावं ठेवतो. एकाच बाटलीबद्दल दोन घरांत दोन मतं निघाली तर मी आधी पाणी कोणतं होतं ते विचारतो.

७. शेंगाचटणी नंतर.

लसूण-तिखटाची कुटलेली चटणी एकदा जिभेला लागली की पुढचा अर्धा तास सगळ्या व्हिस्की सारख्याच. शीक कबाबाचंही तेच. चाखून झालं, चिठ्ठ्या वाचून झाल्या, की मग काय हवं ते खावं.

८. बाटली उभी ठेवावी, अंधारात.

वाइनची आडवी ठेवतात म्हणून व्हिस्कीचीही आडवी ठेवलेली मी पाहिली आहे. इतका कडक मद्यार्क बुचाला सतत लागून राहिला तर बूच झिजतं, चुरा पडतो. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात बाटली ठेवणं म्हणजे तिला रोज उन्हात बसवणं. उघडलेली, अर्धी झालेली बाटली उन्हाळ्याआधी संपवावी किंवा लहान बाटलीत ओतून ठेवावी. काका म्हणतात शेवटचा तिसरा हिस्साच सगळ्यांत गोड लागतो. हवा लागून कडकपणा उतरतो, हे खरं आहे, पण त्याबरोबर फळांचा वासही उतरतो.

९. कायदा पाळूनच.

भीमा ओलांडली की कर्नाटक, तिथे दुकानात वेगळ्या बाटल्या, वेगळे भाव. गोव्यात तर कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टीच पाहता येते. मोह होतो, पण परराज्यातली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरची मुभा आहे, आमची बैठक मुख्यतः त्यावरच चालते. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षं आणि पिण्याचा परवानाही लागतो. आमच्या सगळ्यांकडे आजीवन आहे. ग्लासात एका वेळी चमचाभरच पडतं आणि त्या रात्री गाडीला कुणी हात लावत नाही. डॉक्टर यात कुणाचं ऐकत नाहीत, माझंही नाही.

१०. मळीवर वाढलेल्या जिभेला कमी लेखू नये.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात मळीचा वास कुणाला नवा नाही. आपल्याकडची नेहमीची स्वस्त व्हिस्की बरीचशी मळीच्या किंवा धान्याच्या शुद्ध मद्यार्कात थोडी माल्ट मिसळून होते. युरोपीय संघाच्या नियमात मळीच्या मद्याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्यच लागतं. पण काकांची पिढी याच गोडसर, गुळगुळीत चवीवर वाढली आणि त्यांना माल्ट कडवट लागते. त्यांना "तुम्हांला कळत नाही" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्यासाठी मी दक्षिण आफ्रिकेची बेन्स शोधून आणायला लावली: वेलिंग्टनच्या जेम्स सेजविक भट्टीत निव्वळ मक्यापासून केलेली, बर्बनच्या पिंपांत दोनदा मुरवलेली. मऊ, व्हॅनिलाची. चिठ्ठीवर काकांनी लिहिलं, "माझी." त्याच ग्लासाला डॉक्टरांनी "सरबत" म्हटलं होतं.

११. बाटलीमागची गोष्ट चवीत धरायची की नाही?

यावर आमच्यात एकमत नाही, होईल असंही दिसत नाही. राजस्थानात अलवरला तयार होणारी गोडावण भाच्याने मुंबई विमानतळावर घेतली. गोडावण म्हणजे आपला माळढोक. त्याच्यासाठीचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते नान्नजला, बागायतदाराच्या बागेपासून थोड्याच अंतरावर. त्याच्या वडिलांनी माळावर ते पक्षी चालताना पाहिले होते. आता तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे. या व्हिस्कीच्या विक्रीतला काही भाग पक्ष्याच्या संवर्धनाला जातो, हे कळल्यावर तो म्हणाला, "मग चव कशाला बघायची? घ्यायचीच."

डॉक्टरांना हे पटलं नाही. पक्ष्यासाठी पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत, ग्लासात जे आहे त्याचाच न्याय करावा, असं त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या की बाटलीवरचं नाव वाचून जीभ बदलते हे आपण पहिल्याच दिवशी मान्य केलं, तर मग या नावालाच सवलत का? शेवटी ती फ्युजन आणि पॉल जॉन यांच्यामध्ये कागद गुंडाळून ठेवली. बागायतदाराने तिला तिसऱ्या क्रमांकावर टाकलं. कागद काढल्यावर चिठ्ठी बदलायला त्याने साफ नकार दिला, आणि भाच्याला पुढच्या खेपेलाही तीच आणायला सांगितली. डॉक्टर त्याला अजून विचारतात की यातलं तुझं खरं मत कोणतं. तो म्हणतो, दोन्ही.